आपला बिल्ला, आपला हात

२ डिसेंबर, सोमवार

आले बाई एकदाची. देवासहून सकाळची पहिली बस, इंदूरला बदल, धारला पुन्हा बदल, आणि तिथून डहीच्या रस्त्याला लागलेली एक खडखडती गाडी. कंडक्टरने विचारलं, कुठे उतरायचं? मी म्हटलं, जेल. शेजारची बाई जरा सरकून बसली. पहिल्याच दिवशी एवढा मान!

गावाचं नाव लिहीत नाही. रुजू होताना ज्या कागदावर सही केली त्यात तुरुंगाविषयी बाहेर काही लिहू नये असं आहे. सगळा नियम मोडण्यापेक्षा अर्धा मोडलेला बरा.

हुद्दा प्रशासकीय सचिव. ऐकायला भारदस्त, काम म्हणजे टायपिंग, फाइली, कोर्टाच्या तारखा, कैद्यांचे अर्ज आणि साहेबांची सही कुठे हवी तिथे पेन्सिलीची खूण. देवासला इतकी वर्षं कंत्राटी टायपिंग केलं, ही पहिली कायमची नोकरी. वर्षभर काढलं की देवासला बदली मागता येईल. तोवर शनिवारी घरी, सोमवारी परत. यशराज म्हणाला, मित्रांना सांगतो बायको जेलमध्ये गेली. सांग म्हटलं, पण कुणामुळे गेली तेही सांग. आरोहीने मात्र बसस्टँडवर माझी ओढणी सोडली नाही. आठ वर्षांची घोडी झाली तरी ओढणी धरते. मला आवडतं ते.

इथे सगळे हिंदीत बोलतात, म्हणून ही रोजनिशी मराठीत. सासूबाई, म्हणजे आमच्या अक्का, म्हणतात माझी मराठी इंदूरच्या बसमधून उतरल्यासारखी आहे. त्यांच्या माहेरी राजदरबारची चाकरी होती, माझे वडील सांगलीहून कारखान्यात लागायला आले. हा फरक त्या आमटीत मीठ घालावं तसा रोज थोडा थोडा घालतात.

क्वार्टर लहानच आहे, पण ऊन भरपूर. थंडीत दुसरं काय हवं!

४ डिसेंबर, बुधवार

माझी खोली भलत्याच ठिकाणी आहे. तुरुंगाला दोन फाटकं, एक रस्त्याकडचं, एक आतल्या बराकींकडचं, आणि दोन्ही एका वेळी कधी उघडत नाहीत. मधल्या जागेला ड्योढी म्हणतात. साहेबांची खोली आणि माझी खोली त्या ड्योढीत. म्हणजे मी ना धड आत, ना धड बाहेर. धोब्याचा कुत्रा म्हणायला हरकत नाही, पण पगार चांगला आहे.

फाटकावर भेरूलालजी. पांढऱ्या मिशा, खाकी स्वेटर, खिशात बडीशेप. मोबाइल त्यांच्याकडे जमा करायचा, मग लहान खिडकीतून वाकून आत यायचं. आत भिंतीला एक काळी फळी, तिच्यावर खिळे, डावीकडे ‘अंदर’ आणि उजवीकडे ‘बाहर’ लिहिलेलं. इथल्या प्रत्येकाचा एक पितळी बिल्ला आहे, त्यावर नाव ठोकलेलं. सकाळी आलं की आपला बिल्ला आपण ‘अंदर’वर लावायचा, संध्याकाळी जाताना ‘बाहर’वर. मग भेरूलालजी खिडकीतून विचारतात, नाम? आपण नाव सांगायचं, ते फळीकडे बघतात आणि कडी काढतात. रोज चेहरा बघणारा माणूस रोज नाव विचारतो! साहेबसुद्धा निमूटपणे नाव सांगतात.

दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, हा इथला सर्वांत कडक नियम. “बिल्ला अपना, तो हाथ भी अपना, मैडमजी.” हे त्यांनी मला आरोहीला समजवावं तसं समजावलं. जेल कागदावर चालत नाही म्हणे, या फळीवर चालते.

माझा बिल्ला अजून नाही. धारहून ठोकून यायचा आहे, आणि आला तरी फळीवर खिळा रिकामा नाही. एक खिळा चारुलता नावाच्या बिल्ल्याने अडवलेला. तोही ‘अंदर’वर. ही चारुलता कोण, विचारलं. भेरूलालजींनी बडीशेप पुढे केली.

१० डिसेंबर, मंगळवार

कळलं कोण ते. माझ्या आधीची सचिव! आणि आता तर उठता-बसता कळतंय.

साहेब, म्हणजे अधीक्षक विक्रमसिंह, माणूस सज्जन. पण मी पत्र टाइप करून नेलं की चष्मा वर करून म्हणतात, ठीक है, चारुलताजी जरा वेगळं लिहायच्या. चहा आला, तर चारुलताजी आलं ठेचून घालायला लावायच्या. महिला बराकीतल्या बायका अर्ज लिहून घ्यायला येतात आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतात. त्या मैडम आधी आईचं नाव विचारायच्या, मग गुन्हा. बराकीत आयांबरोबर राहणारी चिमुरडी पोरं आहेत, त्यांच्या केसांत ती दर सोमवारी सागरवेणी घालायची. पोरी माझ्यासमोर पाठ करून बसल्या. मला सागरवेणी येत नाही. आरोहीच्यासुद्धा दोन साध्या शेंड्या.

धारच्या जुन्या घराण्यातली होती. मराठीच! मराठी इतकी शुद्ध की साहेबांना न कळताही ऐकत राहावंसं वाटे. हे त्यांनी मला सांगितलं. मला!

भेरूलालजींकडून उरलेलं काढून घेतलं. लग्न नाही, आई गेलेली, मागे कोणी नाही. गेल्या हिवाळ्यात एके सकाळी आली, बिल्ला ‘अंदर’वर लावला, आणि संध्याकाळी गेली नाही. निघताना कुणी पाहिली नाही. बराकी, विहीर, छप्पर, सगळं धुंडाळलं. पोलीस आले, गेले. नोकरी सोडून निघून गेली असं ठरलं. पण बिल्ला तिच्या हातानेच निघायला हवा, म्हणून तो तसाच राहिला. भेरूलालजी म्हणाले, मैडम अजून आतच आहेत. हसून म्हणाले नाहीत.

मी मात्र हसले. मेलेली सासू आणि गेलेली कारकून, दोघींची बरोबरी कुणाला करता येत नाही.

१३ डिसेंबर, शुक्रवार

तिची खुर्ची, तिचा कप, तिच्या हाताने लावलेली तुळस. सगळं वापरते आहे, आयत्या बिळावर नागोबा. तरी बीळ तिचंच.

खरं लिहिते, इथे कोण वाचणार आहे. मला तिचा राग येतो. जिला कधी पाहिलं नाही त्या बाईचा. घरी अक्कांच्या माहेरची शुद्ध मराठी आणि इथे हिची. जन्मभर मी कुणाच्या तरी खालच्या पायरीवर. आज साहेबांनी माझं पत्र वाचून “हूँ” एवढंच केलं आणि माझा तिळपापड झाला.

दुपारी यशराज आणि आरोहीचा फोटो आणून टेबलाच्या काचेखाली ठेवला. आणि वेड लागल्यासारखं मोठ्याने बोलले. म्हटलं, बघ चारुलताबाई, डोळे भरून बघ. तुझं सगळं असेल, हे नव्हतं. घरी वाट बघणारं कोणी नव्हतं तुला.

फार बरं वाटलं. तुळशीचं रोप हललं, पंखा बंद होता. खिडकीतून वारा आला असेल.

१८ डिसेंबर, बुधवार

आज केलं. पश्चात्ताप नाही.

धारहून माझा बिल्ला आला. नवा, लखलखीत, ‘माधवी’. मी भेरूलालजींना म्हटलं लावा खिळ्याला. ते म्हणाले जागा नाही. नवा खिळा ठोका म्हटलं, तर जुनी फळी आहे, फुटेल. मग तो चारुलताचा काढा! त्यांनी कानाला हात लावला. माझा बिल्ला म्हणे टेबलाच्या खणात ठेवावा, ‘थोड़े दिन’. म्हणजे ती नसून लटकणार आणि मी असून खणात पडणार.

दुपारी ते पाणी भरायला गेले. मी उठले, तिचा बिल्ला ‘अंदर’वरून काढला आणि थेट ‘बाहर’च्या टोकाला, गंजक्या खिळ्याला अडकवला. तिच्या जागेवर माझा लावला. पितळ बर्फासारखं गार होतं आणि बोटांना किंचित चिकटलं. मनात म्हटलं, जा बाई घरी. झाली तुझी सुट्टी.

तेवढ्यात रस्त्याकडच्या फाटकाची खिडकी करकरली. कडी तर आतून होती. असो, जुनी फाटकं आहेत.

१९ डिसेंबर, गुरुवार

भेरूलालजींनी सकाळी फळी बघितली आणि खाली बसले. कुणी केलं, विचारलं. मी साळसूदपणे म्हटलं, तीच आली असेल. त्यांनी माझ्याकडे बघितलं. ओरडले असते तर परवडलं असतं.

“जेल का हिसाब सीधा है, मैडमजी. एक निकलेगा, तो एक रुकेगा.”

म्हातारपणी माणसं म्हणी करतात. मी म्हटलं, मग आता तिचा बिल्ला पुन्हा आत लावा. ते म्हणाले, माझा हात नाही चालणार, आणि आता तुमचाही नाही. ती आतच नाहीये.

सबंध दिवस त्यांनी मला बडीशेप दिली नाही.

३० डिसेंबर, सोमवार

दोन आठवडे कसे गेले कळलं नाही. माझा बिल्ला खिळ्यावर, माझं नाव कानावर. साहेब आता चारुलताचं नाव कमी घेतात. मला जिंकल्यासारखं वाटतंय. शनिवारी घरी जाऊन गराडूच्या कंदाचे काप तळले, आरोहीला गोष्ट सांगितली, आज पहाटेची बस धरली.

एक गंमत झाली. ड्योढीत आले तर माझा बिल्ला आधीच ‘अंदर’वर. भेरूलालजी म्हणाले, आपण तर मघाशीच आलात, नाव पण सांगितलंत. मी म्हटलं, दुसऱ्या कुणाला पाहिलं असेल, धुकं किती आहे बघा. त्यांनी कडी काढली, पण फार वेळ लावून.

टेबलावर चहा होता. आल्याचा.

२ जानेवारी, गुरुवार

साहेबांनी बोलावून घेतलं. समोर एक अर्ज, बराकीतल्या एका बाईचा, लेकराच्या औषधाविषयी. साहेबांच्या डोळ्यांत पाणी. माधवीजी, म्हणाले, असं लिहिणारी चारुलताजींनंतर तुम्हीच. चारुलताजींनासुद्धा तुम्ही मागे टाकलंत.

तो अर्ज मी लिहिलेला नाही. ती बाई माझ्याकडे आलेलीच नाही. खाली नाव माझं, सही माझ्यासारखी.

मी नाही म्हणायला हवं होतं. पण ते वाक्य! महिनाभर ज्याच्यासाठी जीव टाकला ते वाक्य समोर येऊन उभं राहिलं, आणि मी मान खाली घालून “जी, धन्यवाद” म्हटलं. फुकटचं घेतलं. गोड लागलं.

महिला बराकीत गेले तर सगळ्या पोरींच्या सागरवेण्या. कुणी घातल्या विचारलं. पोरी खिदळल्या. “आपने ही तो, मैडम.”

५ जानेवारी, रविवार. देवास

काल रात्री नेहमीसारखी पोचले. यशराजने दार उघडलं आणि विचारलं, काही विसरलीस का? काय विसरणार? तर म्हणे, शुक्रवारीच आली होतीस, आज सकाळी गेलीस ना परत, काम आहे म्हणून.

मला वाटलं थट्टा करतोय. नाही करत. शुक्रवारी मी क्वार्टरमध्ये डाळभात खाऊन झोपले होते.

आरोही धावत आली. पाठीवर सागरवेणी. घट्ट, सुरेख, एक केस बाहेर नाही. आई, परत तशीच घाल ना उद्या. मी म्हटलं उद्या बघू. तिने आरशात स्वतःला बघितलं आणि मग मला बघितलं.

अक्का तर खुललेल्या. लग्न होऊन दहा वर्षं झाली, पहिल्यांदा माझ्या पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, सूनबाई, नोकरीने तुझी जीभ सुधारली. आरती काय स्वच्छ म्हटलीस परवा, एक अक्षर इकडचं तिकडे नाही. आणि मला अक्कासाहेब म्हणालीस. आमच्या माहेरी असंच म्हणत.

मी आयुष्यात कधी त्यांना अक्कासाहेब म्हटलेलं नाही.

मला कळलं. पोळी लाटता लाटता कळलं. मी तिला फोटो दाखवला होता. डोळे भरून बघ म्हटलं होतं. आणि मग फाटकही मीच उघडलं.

यशराजला सांगितलं. सगळं. त्याने डोक्याला हात लावून बघितला, ताप नाही. म्हणाला, तू शुक्रवारी किती छान होतीस. किती दिवसांनी आपण हसलो.

हे त्याने म्हटलं तेव्हा भीती आधी नाही वाटली. आधी वाटला हेवा. माझ्या नवऱ्याला माझ्याहून बरी मी मिळाली! नोकरी सोडते म्हटलं, उद्यापासून जात नाही. अक्का म्हणाल्या, वेडी का काय, आत्ता कुठे माणसात आली आहेस.

७ जानेवारी, मंगळवार

परत आले. यावंच लागलं. तिचा बिल्ला पुन्हा आत लावल्याशिवाय ती आत जायची नाही, आणि तो लावायला ती हवी. तिला पकडणार. समोरासमोर. माझ्या घरात शिरतेस काय, भवाने!

दिवसभर दारात खुर्ची टाकून बसले, नजर फळीवर. एकदाच, शिंक आली तेवढीच, डोळे मिटले. उघडले तर माझा बिल्ला ‘बाहर’वर हलत होता.

भेरूलालजींनी संध्याकाळी नाव विचारलं. माधवी. ते म्हणाले, माधवी मैडम तर गेल्या. मी रडले. त्यांनी इकडेतिकडे बघून कडी काढली. म्हणाले, आजच्या दिवस. नोकरी जाईल माझी. पुन्हा नाही.

९ जानेवारी, गुरुवार

आज फळी पाहिली. चारुलताचा बिल्ला ‘अंदर’वर परतला आहे. तिच्या जुन्या खिळ्यावर. माझा ‘बाहर’वर, तिथल्या गंजक्या खिळ्याला.

मला आनंद झाला. एक क्षण. वाटलं, आली परत! मग आतल्या फाटकाचा शिपाई शेजारून गेला. त्याने टाच जुळवून सलाम केला.

“राम राम, चारुलता मैडम. भोत दिन में दिखे!”

१३ जानेवारी, सोमवार

बाहेर पडता आलेलं नाही. गुरुवारपासून. ड्योढीच्या बाकावर झोपते. कुणाला त्याचं काही वाटत नाही. चारुलताजी अशाच राहायच्या म्हणे, घर कुठे होतं त्यांना.

साहेबांकडे गेले. ते उभे राहिले. माझ्यासाठी उभे! चारुलताजी, बसा, किती दिवसांनी, तुमच्यावाचून इथे काही खरं नव्हतं. मी ओरडले, मी माधवी आहे. ते कनवाळूपणे हसले. माधवीजी सुट्टीवर आहेत, म्हणाले, संक्रांत आहे ना घरी. मुलगी चांगली आहे, पण तुमची सर नाही.

तुमची सर नाही. महिनाभर हेच ऐकायला कान आसुसले होते. आता ऐकलं, तेही तिच्या नावाने.

आरसा नाही इथे. चहात बघितलं. मीच आहे. मला तरी मीच दिसते.

१४ जानेवारी. संक्रांत

ऑफिसच्या फोनवरून घरी लावला. नंबर दोनदा चुकला.

आरोहीने उचलला. आरू, मी म्हटलं, मी आई. ती म्हणाली, आई तर हॉलमध्ये आहे. हळदीकुंकू चाललंय. काळी साडी नेसली आहे, ती चांदण्यांची.

माझी साडी. पहिल्या संक्रांतीची. मी जपून ठेवलेली —

आरू, ती तुझी आई नाही गं. मी आहे. तुझी ओढणीवाली आई —

मला तिचा श्वास ऐकू येत होता. मग मागून आवाज आला, स्वच्छ, गोड. कोण आहे बाळ? आरोही म्हणाली, माहीत नाही, रडताहेत त्या. मग फोनमध्ये तोच आवाज, अगदी जवळ. तिळगूळ घ्या, म्हणाला, गोड बोला.

१५ जानेवारी

भेरूलालजींचे पाय धरले. ते बाजूला सरकले, डोळे पुसले. त्यांना माहीत आहे. एकटे तेच —

ते म्हणाले, रस्ता एकच आहे. ‘अंदर’वरचा तो बिल्ला तुमच्या हाताने काढा, ‘बाहर’वर लावा, नाव सांगा. मी कडी काढतो.

नाव कोणतं?

बिल्ल्यावर असेल ते.

म्हणजे मी माझ्या तोंडाने म्हणायचं की मी ती. एकदा म्हटलं की झालं. मग रस्त्यावर चारुलता उतरेल. जिला घर नाही. माझ्या दारात जाऊन उभी राहिले तर माधवी दार उघडेल —

नाही म्हणणार. कधीच नाही. सडेन इथे. माझं नाव माधवी. माधवी. माधवी.

१६ जानेवारी

ती आली आहे. सकाळी. खिडकीतून वाकून. माझा कोट, माझी पर्स. माझं हसू, पण बरं जमवलेलं. माझा बिल्ला ‘अंदर’वर लावला.

मागून आरोही.

शाळेला सुट्टी म्हणून आईचं ऑफिस बघायला आणली. साहेबांनी तिला बिस्किट दिलं.

मी पुढे गेले. आरू. आरोहीने तिची ओढणी धरली. तिची. दोन्ही हातांनी. आई, या कोण?

ती खाली वाकून म्हणाली, ही चारुलता मावशी. बिचारीला कोणी नाही. नमस्कार कर.

लेकीने मला नमस्कार केला —

अंगावर धावले. शिपायांनी धरलं. खोलीत बसवलं. पाणी दिलं. ती माझ्या काचेखालचा फोटो बघत होती. डोळे भरून.

निघाल्या. दुपारचीच बस आहे. भेरूलालजींनी नाव विचारलं, तिने सांगितलं. माधवी. किती सहज. कडी निघाली. आरोहीने वळून हात हलवला. बाय, मावशी.

फाटक लागलं. आरोहीची चप्पल वाजते आहे बाहेर, उतारावर. बसस्टँड लांब नाही. आत्ता निघाले तर —

मागे राहून चालेन. लांबून. शाळेच्या फाटकाशी उभी राहीन. मावशी तर मावशी. दिसेल तरी.

इथे बसून नाव राहील. आरोही नाही राहणार.

ड्योढीत आले आहे. वही भिंतीला टेकवली आहे. डाव्या हातात बिल्ला. लावला. ‘बाहर’वर. माझ्या हाताने.

भेरूलालजी विचारताहेत. नाम? पुन्हा विचारताहेत. बाहेर आरोही थांबली आहे, चप्पल वाजत नाही, ऐकते आहे ती. मी सांगते आहे, आरू, मी सांगते आहे, मी चा—